माझ्या साडूची दहा वर्षांची तयारी

साडू काय चीज असते, हे ज्याला साडू आहे त्यालाच विचारावं. भाऊ असला तर भांडून वेगळं होता येतं, मित्र असला तर बोलणं टाकता येतं. साडूला टाकायची सोय नाही. मध्ये दोन बहिणी बसलेल्या असतात, आणि तिकडची बातमी इकडे यायला त्यांना भाजी निवडायचा वेळ पुरतो. त्यात माझा साडू माझ्याच कारखान्यात. एकच भोंगा, एकच फाटक, पाण्याचा नळही एकच. म्हणजे दिवसभर तो माझ्या डोळ्यांसमोर आणि संध्याकाळी हिच्या तोंडात.

कारखाना पुस्तकबांधणीचा. छापलेला मोठा कागद घड्या घालून सोळा पानांचा केला की त्याला आम्ही जुज म्हणतो. असे वीस-पंचवीस जुज एकावर एक दोऱ्याने शिवायचे, पाठीला सरस लावायचा, कडा कापायच्या, पुठ्ठा चढवायचा, झालं पुस्तक. मी शिवणारा, तो कापणारा. मी डावखुरा. शाळेत मास्तरांनी पट्ट्या मारमारून लिहायला उजवा हात लावला, पण सुई काही त्यांना माझ्या डाव्या हातातून काढता आली नाही.

कारखान्यात आईबापांनी ठेवलेल्या नावाने कोणी कोणाला हाक मारत नसे. माझ्या साडूला सगळे पुठ्ठा म्हणत. ताठ माणूस, बोलणं मोजकं, हसायचं झालं तरी आधी विचार करणार. मला खळ म्हणत. गोष्ट सांगायला चिकटला की सुटत नाही म्हणे. लोकांना काय, उचलली जीभ लावली टाळ्याला.

तर एका दुपारी डबे खाऊन झाले, मी सगळ्यांना एक गोष्ट सांगत होतो, आणि ऐन रंगात आलेल्या गोष्टीच्या मध्येच पुठ्ठा म्हणाला, "दहा वर्षं राहिली."

"कशाला?"

"घरी बसायला. तयारीला लागलं पाहिजे."

सगळे हसले. मी तर ठसका लागेपर्यंत हसलो. "अरे, घरी बसायला कसली तयारी? बूड टेकलं की झालं!"

"तेच तर जमत नाही," तो म्हणाला. "तीस वर्षं मशीनपुढे उभा आहे मी. फोरमनचं काय झालं, विसरलास?"

फोरमनचं काय झालं तेही सांगून टाकतो. आमचा जुना फोरमन शुक्रवारी हारतुरे घेऊन निवृत्त झाला आणि सोमवारी भोंग्याला डबा घेऊन फाटकाशी हजर. आत कोणी घेईना, घरी त्याला जाववेना. महिनाभर रोज येत होता बिचारा. शेवटी पहारेकऱ्याने त्याला एक स्टूल दिलं. मग तो आमच्या येण्याच्या वेळा बघत बसे आणि उशीर झालेल्याला फाटकातच झापत असे. आम्ही सगळे त्याला हसलो होतो. पुठ्ठा हसला नव्हता, एवढं मला आठवतं.

दुसऱ्याच आठवड्यापासून हा मनुष्य तयारीला लागला. आधी दात. मग गुडघा. "दुखेल तेव्हा बघू" म्हणणाऱ्यांतला मी. हा दुखायच्या आधीच डॉक्टरच्या दारात. मग त्याने घरी जायचा रस्ता बदलला. आमचा जवळचा रस्ता सोडून हा बाजारातून वळसा घालून जायला लागला. चष्मेवाला, चांभार, सायकलवाला, कोपऱ्यावरची शिंपीण, सगळ्यांशी दोन-दोन वाक्यं बोलायची आणि पुढे जायचं. मी विचारलं, हे काय खूळ? म्हणाला, "कारखाना सुटला की मला ओळखणारा एक तरी माणूस फाटकाबाहेर नको का?"

आणि वर्षातून एकदा आठवडाभर रजा घ्यायची, कुठे जायचं नाही, काही काम काढायचं नाही. आठवडाभर निवृत्त माणसासारखं राहून बघायचं. पहिल्या वर्षी म्हणे बुधवारीच वेड लागायची पाळी आली. दुसऱ्या वर्षी शुक्रवारपर्यंत टिकला. चौथ्या वर्षी रविवार कधी आला तेच त्याला कळलं नाही. त्याच सुमारास नवराबायकोचा ठराव झाला. दहा ते पाच घर तिचं, त्या वेळात याने घरात पाऊल टाकायचं नाही. ताई, म्हणजे माझी मेव्हणी, हे सगळीकडे अभिमानाने सांगत सुटली.

आणि आमच्या घरी भूपाळी सुरू झाली. "भाऊजींनी बघा..." हिचं प्रत्येक वाक्य असंच सुरू होई. भाऊजी स्वतःचा चहा स्वतः करतात. भाऊजी आता ताईला विचारतात, आज तुला काय हवंय. भाऊजींचा गुडघा बघा. अहो, गुडघा! माणसाने दुसऱ्याच्या गुडघ्यावर किती जळावं याला काही मर्यादा? पण मी जळलो. त्याला जिना चढताना बघायचो आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एक मात्र मला तेव्हा उमगलं नाही. ही दहा वर्षं रोज चहाच्या सुट्टीत पुठ्ठा माझ्या टेबलाशी येऊन माझ्या पाठीमागे उभा राहायचा. कप हातात, नजर खाली. मला वाटायचं, गोष्टी ऐकायला येतो. आपल्याला काय, ऐकणारा मिळाला की आपली गाडी सुटली. मी शिवता शिवता बोलत राहायचो. अधूनमधून तो विचारायचा, "हा दोरा खालून का घेतलास?" मी सांगायचो आणि पुन्हा गोष्टीवर यायचो.

तो माझ्यापेक्षा सहा महिने मोठा, म्हणून सहा महिने आधी सुटला. पहिल्या सोमवारी मी मुद्दाम अर्धी रजा टाकली. कशाला? खोटं कशाला बोलू, त्याची फजिती बघायला. म्हटलं, आता भोंगा वाजेल आणि पुठ्ठा फाटकाशी दिसेल. तिथे नव्हता. घराजवळ गेलो, तिथेही नाही. चष्मेवाल्याला विचारलं तर तो कौतुकाने म्हणाला, "वाचनालयात असतील की! फाटकी पुस्तकं दुरुस्त करणार आहेत ना ते. तुम्हाला माहीत नाही?"

वाचनालयाच्या दारातून मी डोकावलो. एका टेबलाशी माझा साडू बसलेला, पुढे फाटक्या पुस्तकांची चळत, सुई, दोरा, सरसाचं भांडं. सुई! जन्मात ज्याने कापण्यापलीकडे काही केलं नाही, तो शिवत बसला होता. येणारा जाणारा त्याला हसून नमस्कार करत होता. एक म्हातारी तर स्वतःचं जुनं पुस्तक घेऊन त्याच्यापुढे अशी उभी होती की जणू डॉक्टरकडे नातू आणलाय.

नाकाला मिरच्या झोंबणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. शिवणारा मी, आणि खुर्ची कोणाला? कापणाऱ्याला!

घरी येऊन मी जाहीर केलं, मीही तयारी करणार. सहा महिने होते. त्याने दहा वर्षांत केलं ते आपण सहा महिन्यांत उरकू, डोकं काय त्यालाच आहे? आठवडाभराची रजा घेतली. सोमवारी दहापर्यंत बरं गेलं. मग मी हिच्या स्वयंपाकघरात शिरलो. डबे बघितले तर एक उंच, एक बुटका, कशाचा कशाला मेळ नाही. आमच्या कारखान्यात चळत कशी, एका रेषेत. मी सगळे डबे उंचीप्रमाणे लावले. मोठा डावीकडे, लहान उजवीकडे. लांबून बघितलं, इतकं सुंदर दिसत होतं की काय सांगू.

ही आली. सवयीने हात पुढे केला आणि मिठाऐवजी साखर हातात आली. मग हळद म्हणून तिखट. मंगळवारी मी तिला कणीक मळायची पद्धत सांगितली. बुधवारी ती कपडे वाळत घालताना मागे उभा राहून चिमटे किती अंतरावर असावेत ते सांगितलं. गुरुवारी तिने पिशवी भरली.

"कुठे निघालीस?"

"ताईकडे."

"कशासाठी?"

"अहो, रिटायर तुम्ही होणार आहात. माझी ड्युटी चालू आहे," ती म्हणाली. "मला डोळे मिटून मीठ सापडत होतं. चार दिवसांत तुम्ही माझं घर मला परकं केलंत."

"एवढंसं तर केलं..."

"हे बघा, सरळ सांगते. दहा ते पाच बसायला एक जागा शोधा. कुठेही शोधा. तुमची नोकरी संपेल त्या दिवशी जागा नसली, तर मी पिशवी घेऊन जाईन, आणि ती चार दिवसांसाठी नसेल."

चेष्टा नव्हती. पस्तीस वर्षांत ही एवढ्या शांतपणे कधी बोलली नव्हती, आणि ही शांत असली की मला धडकी भरते.

मी जागा शोधायला निघालो. आता माझ्यासारख्याला जागा कुठे? ज्या रस्त्याने चाळीस वर्षं आलो-गेलो, त्या रस्त्यावर मला ओळखणारं एक कुत्रं नव्हतं. भलत्याच वाड्यातले दोन म्हातारे पत्ते खेळत होते, त्यांच्यापाशी जाऊन बसलो आणि एक गोष्ट सुरू केली. त्यांनी पत्ते आवरले. फिरून फिरून डोळ्यांपुढे एकच जागा येई, वाचनालयातली ती खुर्ची. तशी माझ्याच हक्काची होती ती!

पाचव्या महिन्यात मी धीर केला आणि पुठ्ठा डबा खायला बाहेर गेलाय असं बघून ग्रंथपालबाईंसमोर उभा राहिलो. म्हटलं, मी शिवणारा आहे, चाळीस वर्षांचा हात आहे, काही काम असलं तर सांगा.

त्या बाई तरुण, पण चेहरा परीक्षा घेणाऱ्या मास्तरीणबाईंसारखा. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "काका, तुम्ही देवासारखे आलात. ते काका माणूस सोन्यासारखा, पण त्यांनी शिवलेली पुस्तकं महिन्याभरात सुटतात. वाचक तक्रार करतात. मला जिवावर येतंय, पण या महिनाअखेरीला त्यांना नको म्हणणार आहे. तुम्ही याल का?"

आता इथे चांगल्या माणसाला वाईट वाटलं असतं. माझ्या पोटात लाडू फुटले. मी तोंड वाकडं करून म्हणालो, "अरेरे." आणि नमुन्याला एक सुटलेलं पुस्तक मागून घेतलं.

घरी येऊन चष्मा लावून बघितलं आणि मी थंडच पडलो. गाठ माझी होती. प्रत्येक जुज शिवून झाला की त्याचा दोरा खालच्या जुजात अडकवून एक गाठ मारायची असते. जो तो आपापल्या रीतीने मारतो. मी डावखुरा, म्हणून माझा दोरा सगळ्यांच्या उलट बाजूने सुरू होतो आणि फासही उलटा पडतो. कारखान्यात अशी गाठ मारणारा मी एकटा. आणि इथे पानापानाच्या मुळाशी तीच गाठ, तोच उलटा फास!

दहा वर्षं माझ्या पाठीमागे उभा राहून हा माणूस गोष्टी ऐकत नव्हता, माझे हात बघत होता! मी त्याला श्रोता समजत होतो आणि तो माझी विद्या टिपत होता. चोर! एवढा राग आला, एवढा राग आला, आणि रागाच्या तळाशी थोडं बरंही वाटलं. कारखान्यात शिवणारे सतरा होते, त्याने माझा हात निवडला होता.

गाठ का सुटते, तेही मला एका नजरेत कळलं. तो उजव्या हाताचा. माझ्या पाठीमागून बघून त्याने जसंच्या तसं उचललं होतं. फास डावऱ्या हाताचा, आणि ओढणारा हात उजवा. ओढ भलत्या बाजूला, मग फास बसणार कसा? वरून सुंदर दिसतो, पुस्तक दहा वेळा उघडलं की ढिला. असली चूक आंधळ्या निष्ठेने शिकणाराच करू शकतो.

म्हणजे बघा. एक वाक्य सांगितलं की त्याची पुस्तकं टिकणार. गप्प बसलं की महिनाअखेरीला खुर्ची माझी, घरही शाबूत. मी गप्प बसलो. आठ दिवस बसलो. मी, ज्याला खळ म्हणतात तो, आठ दिवस तोंड मिटून! हिला वाटलं मला ताप आलाय.

नवव्या दिवशी ताई आली. दोघी बहिणी स्वयंपाकघरात, मी बाहेर पेपर धरून, कान आत.

"जेवत नाहीत गं," ताई सांगत होती. "एकच पुस्तक चारदा उसवून शिवलं. म्हणतात, गाठ तर अगदी तशीच घालतो, मग चुकतं कुठे?"

"कशीच?" हिने विचारलं.

"ह्यांच्यासारखी गं. बाहेर बसलेत ना, त्यांच्यासारखी. म्हणतात, त्याच्या तोडीची गाठ कारखान्यात दुसऱ्याला जमली नाही. लोक पुस्तकं बघतात, विचारतात, ही कुठली गाठ, तर हे ह्यांचं नाव सांगतात."

पेपर माझ्या हातातून गळाला. माझं नाव सांगतो! म्हणजे सगळ्या गावभर ढिल्या पुस्तकांतून माझ्या गाठीची बदनामी चाललीय, आणि मी इथे खूश होऊन बसलोय? ही दारात येऊन उभी राहिली.

"तुम्हाला काही माहितेय का यातलं?"

"चप्पल कुठेय माझी?" मी म्हणालो.

त्याच्या घरी गेलो तेव्हा तो पुस्तक पाचव्यांदा उसवत होता. मी नमस्कार-चमत्कार काही केला नाही. "माझी गाठ मारायची तर नीट मार, नाहीतर मारू नकोस. उठ. माझ्या मागे नाही, समोर बस. माझ्या तोंडासमोर."

"समोरून उलटं दिसेल," तो म्हणाला.

"उलटंच पाहिजे, गाढवा. आरशात बघितल्यासारखं कर. माझा डावा, तुझा उजवा."

त्याने आरशासारखं केलं. एक गाठ. ओढली. हलेना. दुसरी, तिसरी. मी नखाने उचकटून बघितली, दगड होती दगड. मला हे जमायला चार वर्षं लागली होती. त्याला अर्धा तास. माझं तोंड बघण्यासारखं झालं असणार, कारण पुठ्ठा चक्क हसला, विचार न करता.

"दहा वर्षं चुकीच्या बाजूला उभा होतो की रे," तो म्हणाला. "तुला कधी कळलं?"

"आत्ताच," मी म्हणालो. खोटं बोललो. त्याने ते ओळखलं, आणि उठून चहा केला. तोही चांगला केला, मेल्याने.

मग काय, त्याची पुस्तकं टिकायला लागली. बाईंनी मला निरोप पाठवला, माफ करा काका, आता गरज नाही. वरातीमागून घोडं म्हणतात तशी माझी गत. नोकरीचे अठरा दिवस राहिले, सतरा राहिले. हिने पिशवी खुंटीवर आणून लावली होती. मी येता-जाता पिशवीकडे बघायचो.

शेवटच्या शुक्रवारी कारखान्यातून घरी आलो तर हिने पिशवीत बटाटे भरलेले. म्हणाली, "वाचनालयात दुसरी खुर्ची ठेवलीय म्हणे. सोमवारी दहाला जा."

"कोणी सांगितलं?"

"भाऊजी स्वतः बाईंना म्हणाले, शिवणारा खरा तो आहे, मी कापणारा. कडा आणि पुठ्ठे मी करतो, शिवण त्याला द्या. समोरासमोर बसू."

"त्याने मागितली? माझ्यासाठी?"

"हो. आता रडताय काय?"

"रडत नाही," मी म्हणालो. "हेही त्यालाच आधी सुचलं! मी खुर्ची हिसकायला गेलो आणि हा द्यायला गेला. एक गोष्ट, एक गोष्ट तरी मला आधी करू देईल का हा माणूस?"

"जळा," ती म्हणाली. "पण दहा ते पाच तिकडे जळा."

सोमवारी मी पावणेदहालाच पोचलो, म्हटलं आज तरी पहिला. पुठ्ठा आधीच बसलेला. हातात कोरा कागद, घडी घालत होता, आणि डोळे घट्ट मिटलेले.

"हे काय नवीन?"

"उद्या नजर गेली तर?" डोळे न उघडता तो म्हणाला. "बोटांना आत्तापासून सवय पाहिजे."

मी खुर्ची ओढली, समोर बसलो, एक कागद घेतला आणि डोळे मिटले. थोड्या वेळाने ग्रंथपालबाईंचा आवाज आला, "अहो, दोघंही झोपलात की काय?"

"नाही," आम्ही दोघं म्हणालो. मी एक डोळा हळूच किलकिला केला. त्याच्या चार घड्या झाल्या होत्या. माझ्या दोन.